ईदच्या दुपारी खाडीच्या तोंडावर जाण्याआधी: गरवायला शिकणाऱ्यांसाठी चांद आणि पाण्याचं गणित

ईदनंतर दोन-तीन दिवस मोबाईलवर दोन प्रकारचे फोटो फिरतात. एकात कुणाचा तरी भाचा नाहीतर पुतण्या हातात तांबोशी धरून हसत उभा असतो. दुसऱ्यात किनाऱ्यावर जमलेली गर्दी, पोलिसांची गाडी आणि खाली "दुआची दरख्वास्त". दोन्ही फोटो बहुतेक वेळा एकाच प्रकारच्या जागेचे असतात: नदी जिथे समुद्राला मिळते ते खाडीचं तोंड. मासा तिथेच चांगला लागतो आणि माणूसही तिथूनच ओढला जातो. दोन्हीचं कारण एकच आहे, वाहतं पाणी.

मुंबई, मुंब्रा, भिवंडी, पुण्याहून सुट्टीत गावी येणाऱ्या आपल्या मुलांमध्ये रॉड-रीळ घेऊन जायची हौस गेल्या काही वर्षांत खूप वाढली आहे. हौस चांगलीच आहे. मोबाईलमधून डोकं बाहेर निघतं, बापलेक दोन तास एकत्र बसतात, घरी ताजा मासा येतो. पण कुठला रॉड घ्यावा हे सांगणारे व्हिडिओ हजार सापडतात आणि पाणी कधी कुठे जातं हे सांगणारा एकही सापडत नाही. आम्ही ते इथे सांगतो. त्यासाठी लागणारी वस्तू तुमच्या घरात आधीच भिंतीवर टांगलेली आहे: हिजरी तारखांचं कॅलेंडर.

मासा तोंडावरच का?

कोकणातल्या नद्या लहान आहेत. सह्याद्रीतून निघतात आणि थोडंच अंतर तोडून समुद्राला मिळतात. बाणकोटला सावित्री, आंजर्ल्याला जोग, दाभोळला वाशिष्ठी, जयगडला शास्त्री, रत्नागिरीत भाट्याला काजळी, पूर्णगडला मुचकुंदी. भरतीला समुद्राचं पाणी या नद्यांमध्ये आत शिरतं आणि ओहोटीला बाहेर पडतं. त्याच्याबरोबर कोळंबी, बोयची पिल्लं, चिंबोऱ्यांची पोरं आतबाहेर होतात. मोठा मासा शहाणा असतो. तो त्यांच्या मागे धावत नाही, अरुंद तोंडाशी आडोशाला थांबतो आणि पाणी जे आणून देईल ते खातो. खडकाच्या मागे, जुन्या जेट्टीच्या खांबाशी, खोल चराच्या कडेला. म्हणून चार किलोमीटर लांब पुळणीवर दिवसभर बसून जे मिळत नाही ते खाडीच्या तोंडावर तासाभरात मिळू शकतं.

आता हिशेब असा. समुद्राचं एवढं पाणी एवढ्याशा तोंडातून सहा तासांत आत जायचं आणि पुढच्या सहा तासांत बाहेर यायचं. पुळणीवर गुडघाभर पाण्यात उभं राहणं आणि तोंडावर गुडघाभर पाण्यात उभं राहणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तोंडावरचं पाणी ढकलतं, आणि पायाखालची वाळू त्याच वेळी काढून नेतं.

चांदाची तारीख आणि पाण्याची वेळ

भरती-ओहोटी चालते चांदावर, आणि आपला महिनाही चांदावर. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास चांद, सूर्य आणि पृथ्वी एका रेषेत येतात, तेव्हा पाणी सगळ्यात वर चढतं आणि सगळ्यात खाली उतरतं. याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास पाणी कमी चढतं, कमी उतरतं, तो भांग. उधाणाचा जोर प्रत्यक्ष अमावास्या-पौर्णिमेच्या दिवसापेक्षा एक-दोन दिवस उशिरा सगळ्यात जास्त असतो. हिजरी कॅलेंडरवर बघितलं तर महिन्याची १, २, ३ आणि १५, १६, १७ या तारखा उधाणाच्या. ७, ८, ९ आणि २२, २३, २४ या भांगाच्या. एवढं पाठ केलंत तरी अर्धं काम झालं.

वेळ काढायची जुनी रीत सोपी आहे. किनाऱ्यावरचे जाणते लोक तिथीची पाऊणपट करतात. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला पूर्ण भरती, सकाळीही आणि संध्याकाळीही. आपला चांद अमावास्येनंतर साधारण एक-दीड दिवसाने दिसतो, म्हणून हिजरी तारीख तिथीपेक्षा एकाने मागे असते. तेव्हा हिजरी तारखेत १ मिळवा आणि पाऊणपट करा. बेरीज १५ च्या वर गेली तर त्यातून १५ वजा करून मग पाऊणपट. उदाहरण घ्या. महिन्याची ७ तारीख: ७ आणि १, आठ, पाऊणपट सहा. महिन्याची २२ तारीख: तेवीस, वजा पंधरा, आठ, पुन्हा सहा. तारीख दिवसाची धरायची. मगरिबनंतर ती बदलते हे आपल्याला माहीतच आहे.

हा अंदाज आहे. तो अर्धा-पाऊण तास इकडे तिकडे होतो, आणि भरतीची लाट दक्षिणेकडून वर येत असल्यामुळे रत्नागिरीकडे मुंबईपेक्षा पाणी थोडं लवकर भरतं. अचूक वेळ हवी असेल तर भारतीय सर्वेक्षण विभागाची भरती-ओहोटीची कोष्टकं असतात, मोबाईलवरही वेळा मिळतात. मग हे तोंडी गणित कशाला, असं कुणी विचारेल. कारण मोबाईलला रेंज नसते तिथेच आपण उभे असतो. आणि डोक्यात गणित असलं की कुणी "चला जाऊ या" म्हटल्याबरोबर आतून सवाल उठतो: आज तारीख किती?

अजून एक गोष्ट. पाणी सहाही तास सारख्या वेगाने चढत-उतरत नाही. पहिल्या तासात एकूण पाण्याचा बारावा भाग उतरतो, दुसऱ्यात दोन भाग, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मं पाणी निघून जातं. खाडीच्या तोंडावर माणूस ओढला जायचा सगळ्यात मोठा धोका या दोन तासांत असतो.

आता ईदुल फित्र बघा. शव्वालची १ तारीख, दर वर्षी, न चुकता. एक आणि एक दोन, पाऊणपट दीड. दुपारी एक-दीडला पूर्ण भरती, तीही उधाणाची. ईदची नमाज, गळाभेटी, शीरखुर्मा, दुपारचं जेवण, थोडी झोप. पोरं किनाऱ्यावर पोहोचतात साडेतीन-चारला. त्याच वेळी तिसरा-चौथा तास चालू असतो आणि उधाणाचं सगळं पाणी तोंडातून समुद्राकडे धावत असतं. वरून बघितलं तर पाणी शांत वाटतं, कारण ओहोटीला किनाऱ्याजवळ लाट कमी दिसते. "आज तर समुद्र एकदम ठंडा आहे" हे वाक्य तेव्हाच ऐकू येतं. बासी ईदला हेच सगळं पाऊण तास उशिरा, आणि जोर कमी नाही, झाला तर थोडा जास्तच.

बकरी ईदला चित्र उलटं असतं. १० तारीख, अकराची पाऊणपट सव्वाआठ. सकाळी आठच्या सुमाराला भरती, दोनच्या सुमाराला पूर्ण ओहोटी. दुपारी गेलेल्या माणसाला वाळूचा दांडा कोरडा दिसतो, खडक उघडे दिसतात, तो चालत पार टोकाला जातो. मग पाणी पाठीमागून भरतं. समोर गळाकडे बघत बसलेल्याला मागची वाट बंद झाल्याचं कळत नाही. शिवाय ही ईद सध्या पावसाळ्याच्या तोंडावर येते. २०२५ मध्ये ती ७ जूनला होती. त्या दिवसांत समुद्र खवळलेला असतो, यांत्रिक बोटींना १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारीची बंदी असते. बोटी बंदरात बांधलेल्या असताना नवशिक्याने किनाऱ्यावरूनही गळ टाकू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. पाऊस सुरू झाला की नदीचा लोंढा ओहोटीत मिसळतो आणि तोंडावरची ओढ दुप्पट वाटते. जून ते सप्टेंबर गरी घरात ठेवा.

शिकायचं असेल तर भांगाच्या तारखा धरा: ७, ८, ९ किंवा २२, २३, २४. ओढ कमी, शिसं जागेवर टिकतं, दोरी ताणली जात नाही, मासा ठोकतोय की पाणी ओढतंय हे हाताला कळतं. आणि या तारखांना भरती संध्याकाळी सहा ते साडेसातच्या सुमाराला पूर्ण होते. असर पढून निघायचं, भरतं पाणी मिळतं, आणि पाणी थांबायच्या वेळेला मगरिब होते. तिथे आवरायचं. त्यानंतरची ओहोटी अंधारात असते, ती आपली नाही. किनाऱ्यावरच नमाज पढणार असाल तर भरतीच्या रेषेच्या वर, कोरड्या जागी पढा. ओला कचरा आणि शेवाळ जिथपर्यंत दिसतं ती रेषा.

उभं कुठे राहायचं

कोकणातल्या पुष्कळ खाड्यांची ठेवण ठरलेली आहे: एका बाजूला डोंगर, खडक, बहुधा एखादा किल्ला, दुसऱ्या बाजूला वाळूचा लांब दांडा. दांड्याचं टोक सगळ्यांना खुणावतं कारण तिथून खोल चर अगदी जवळ असतो. तेच टाळा. टोकाची वाळू पाण्याखाली एकदम तुटलेली असते. वरून भक्कम दिसते, खालून पोखरलेली असते, आणि दोन-तीन माणसांच्या वजनाने कड ढासळते. कडेपासून पाच-सहा पावलं मागे उभं राहून टाकलेला गळही तेवढ्याच पाण्यात पडतो.

खडकाच्या बाजूचं दुखणं वेगळं. हिरवं शेवाळ साबणासारखं घसरतं. काळा, ओला खडक दिसला तर समजा की तिथपर्यंत लाट येते. जाण्याआधी दहा मिनिटं नुसतं बसून बघा, सगळ्यात मोठी लाट कुठवर येते. हवामान साफ असतानाही दूरच्या वादळाची लांब लाट येऊ शकते. हैदराबादचं इन्कॉइस केंद्र तिचा इशारा देतं आणि तो स्थानिक बातम्यांत येतो.

आमच्या मते पहिल्या पाच-सहा खेपा तोंडावर करूच नयेत. अर्धा-एक किलोमीटर आत, जुनी जेट्टी किंवा दगडी बांध असतो तिथे बसा. मासा थोडा लहान लागेल, पण पायाखाली दगड असेल. फेरीबोटीच्या धक्क्यावर, म्हणजे दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळसारख्या ठिकाणी, बोट लागते तिथे गळ टाकू नका. बंदर आणि वीज प्रकल्पाच्या हद्दीतही नाही, तिथे पहारा असतो आणि मग सलाम-दुआ सुद्धा कामाला येत नाही.

कुठलीही जागा ठरवायच्या आधी तिथल्या मच्छीमारांना विचारा. राजिवडा, साखरीनाटेसारख्या ठिकाणी आपले दालदी बांधव पिढ्यान्‌पिढ्या याच पाण्यावर जगत आले आहेत. "चाचा, आज पाणी कसं आहे?" एवढं अदबीने विचारलं तर जे कळतं ते कुठल्याच व्हिडिओत नाही. तिसऱ्या वेचायला जाणाऱ्या बायकांनाही विचारा. ओहोटी कधी लागणार आणि कधी फिरणार हे त्यांच्याइतकं नेमकं फार थोड्यांना माहीत असतं. त्यांची जाळी लावलेली असतील तिथे गळ टाकायचा नाही, हे सांगायला नको.

सामान

दुकानदाराच्या नादाला लागू नका. आठ-नऊ फुटांचा साधा फायबरचा रॉड, मधल्या आकाराचं फिरकीचं रीळ, त्यावर ०.३५ ते ०.४० मिलिमीटर जाडीचा तंगूस शंभर-दीडशे मीटर, भोक असलेली ३० ते ६० ग्रॅमची शिशाची वजनं, स्विवेल आणि मध्यम आकाराचे गळ. तेवढाही खर्च नको असेल तर प्लास्टिकच्या बाटलीवर तंगूस गुंडाळून हाताने टाका. जेट्टीवरून त्यानेही मासा लागतो, आणि लहान मुलांना शिकवायला तेच बरं. काठी, रीळ सांभाळता सांभाळता मूल पाण्याकडे बघायचं विसरतं.

बांधणी एकच शिका. तंगुसात आधी शिसं ओवा, मग स्विवेल बांधा, स्विवेलच्या दुसऱ्या टोकाला दीड-दोन फूट तंगूस आणि त्याला गळ. शिसं तळाशी पडून राहतं आणि मासा खाणं ओढतो तेव्हा तंगूस शिशातून सरकतो, त्याला वजन लागत नाही. गाठ आवळताना थुंकीने ओली करा, नाहीतर घासून कमजोर होते. रिळाचा ब्रेक इतकाच घट्ट की हाताने जोरात ओढल्यावर तंगूस सुटावा. ब्रेक पूर्ण आवळून ठेवला की पहिला मोठा मासा दोरी तोडून नेतो, आणि मग वर्षभर तोच मासा गप्पांमध्ये वाढत जातो.

गळ फेकायच्या आधी दर वेळी मागे बघायचं. ईदच्या गर्दीत तर फेकूच नये. वर विजेच्या तारा असतील तिथे रॉड उभा करायचा नाही, कार्बनचा रॉड वीज वाहून नेतो.

खाणं म्हणून ताजी कोळंबी सगळ्यात भरवशाची. त्याखालोखाल तारली किंवा बोयचा तुकडा. वाळूच्या तळाशी कोळंबीचा छोटा तुकडा आणि बारीक गळ लावला तर मुडदुशी लागते. खडक आणि खांबांशी तांबोशी, गोबरा. खाडीत आत काळुंदर. नशीब जोरावर असेल तर जिताडा, पण पहिल्या वर्षी त्याची आस धरू नका. सगळ्यात जास्त लागेल तो शिंगाळा.

त्याच्याबद्दल नीट ऐका. शिंगाळ्याला तीन काटे असतात, एक पाठीवर आणि दोन बाजूंच्या परांना. काटा विषारी असतो आणि कळ खांद्यापर्यंत जाते. मासा फडक्यात धरून पक्कडीने गळ काढा, हात लावू नका. पाकट लागली तर शेपटीच्या काट्यापासून दूर राहा, किनाऱ्यावर ओढू नका, तंगूस कापून सोडून द्या. पाण्यातला साप आला तरी तेच. खाड्यांमध्ये समुद्री साप असतात आणि ते जहरी असतात. शिंगाळ्याचा किंवा पाकटाचा काटा लागला तर जखम धुऊन तो भाग सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास ठेवा. पाणी आधी दुसऱ्याच्या हाताने तपासा, नाहीतर भाजून घ्याल. मग दवाखाना. म्हणून आम्ही चहाच्या थर्मासबरोबर एक गरम पाण्याचा थर्मासही नेतो.

पकडलेला मासा तडफडत ठेवू नका, लगेच मारून बर्फात घाला. माशाला जबिहा लागत नाही, पण त्रास द्यायलाही मुभा नाही. वीतभर सुद्धा नसलेली पिल्लं सोडून द्या. पाण्यात मरून तरंगणारा मासा उचलू नये. हनफी मसलकात तो खायला मनाई आहे आणि तब्येतीच्या दृष्टीनेही तो घातकच. चिंबोरी लागली तर आपल्या घरच्या मसलकप्रमाणे आलिमांना विचारा, इथे त्यावर वाद नको. तुटलेला तंगूस खिशात घालून घरी आणा. आंजर्ले-वेळासकडे कासवं अंडी घालायला येतात आणि हा तंगूस त्यांच्या गळ्याचा फास होतो.

कुणी पाण्यात गेलंच तर

एकट्याने जायचं नाही. बुरखा, सलवार किंवा जीन्स भिजली की जड होते, म्हणून पाण्याच्या कडेला असणाऱ्या प्रत्येकाने, आणि मुलांनी तर नक्कीच, लाइफ जॅकेट घालावं. रॉडच्या किमतीपेक्षा ते स्वस्त मिळतं. सोबत पाच लिटरचा रिकामा, झाकण घट्ट लावलेला कॅन आणि त्याला वीस-पंचवीस मीटर जाड दोरी बांधलेली ठेवा.

पाण्यात गेलेल्याने किनाऱ्याकडे तोंड करून ओढीविरुद्ध पोहायचं नाही. दोन मिनिटांत दम संपतो. पाठीवर पडून तरंगायचं, ओढ जिथे कमी होईल तिथून आडवं, किनाऱ्याला समांतर सरकायचं. बाहेरच्यांनी उडी मारायची नाही. आपल्याकडच्या बातम्या पुन्हा वाचून बघा: भावाला वाचवायला भाऊ, त्याला वाचवायला मित्र, असे दोन-दोन तीन-तीन जनाजे एकाच मोहल्ल्यातून निघालेले दिसतील. कॅन फेका, दोरी जमिनीवर झोपून धरा, एकाने नजर बुडणाऱ्यावरून हलवायची नाही, एकाने जवळच्या बोटवाल्याला हाक मारायची आणि एकाने ११२ लावायचा. तटरक्षक दलाचा नंबर १५५४ आहे, तो आताच मोबाईलमध्ये घालून ठेवा.

बाहेर काढलेल्या माणसाचं पोट दाबून पाणी काढत बसू नका, त्यात वेळ जातो आणि उलटी फुफ्फुसात जाऊ शकते. श्वास नसेल तर लगेच तोंडाने श्वास द्या आणि छातीच्या मधोमध दाब द्यायला सुरुवात करा, मदत येईपर्यंत थांबू नका. आणि श्वास सुरू असेल, माणूस उठून बसला, "आता बरं वाटतंय" म्हणाला, तरी त्याच संध्याकाळी दवाखान्यात न्या. छातीत गेलेल्या पाण्याचा त्रास कधी कधी काही तासांनी सुरू होतो.